घराची सजावट आणि घराची मर्यादा

नाशिकच्या भांडीबाजारात तराजूला दोन कामे असतात. नवे भांडे विकताना तो वजन दाखवतो आणि जुने भांडे ‘मोड’ म्हणून घेतानाही तोच वजन दाखवतो. जुन्या नाशकातील वाडा सोडून गंगापूर रोड, कॉलेज रोड किंवा इंदिरानगरच्या सदनिकेत राहावयास निघालेली कुटुंबे हंडे, घंगाळे, बंब आणि पराती घेऊन या बाजारात येतात. तांब्या-पितळेचा भाव सांगितला जातो, हिशेब होतो आणि तीन पिढ्यांनी हाताळलेली वस्तू वितळण्यासाठी निघून जाते. पुढे काही महिन्यांनी त्याच कुटुंबाच्या नव्या दिवाणखान्यात कोपरा शोभावा म्हणून एक पितळी हंडा विकत आणला जातो. त्यात पाणी कधी भरले जाणार नसते, आणि त्याची किंमत मोडीत मिळालेल्या रकमेच्या कितीतरी पट असते.

हा व्यवहार केवळ पैशाच्या दृष्टीने तोट्याचा असता, तर व्यापारी घराने तो केव्हाच ओळखला असता. परंतु येथे दुसरेही काही हातचे जाते. आपल्या घराला रूप कशावरून द्यावे, याचे उत्तर त्या जुन्या हंड्याजवळ होते. ते उत्तर मोडीत निघाले की मग ते छापील पुस्तिकांत, मोबाईलवरील चित्रांत आणि शेजाऱ्याच्या दिवाणखान्यात शोधावे लागते. अंतर्गत सजावटीचे काम करणाऱ्याचा पहिला प्रश्न बहुधा ‘थीम कोणती ठेवायची?’ हा असतो, आणि बहुतेक कुटुंबे या प्रश्नापाशी गोंधळतात. वास्तविक ज्या घरात पाणी गाळले जाते, सूर्यास्तापूर्वी जेवण आटोपते आणि सामायिकासाठी आसन अंथरले जाते, त्या घराला उसन्या कल्पनेची गरज नाही. त्याची दिनचर्या हीच त्याच्या रचनेची मूळ प्रेरणा होऊ शकते.

तांब्याला विचारलेले प्रश्न

१९५८ साली चार्ल्स आणि रे ईम्स या अमेरिकन दांपत्याने भारत सरकारला एक अहवाल सादर केला. खुर्च्या आणि घरगुती सामानाच्या रचनेसाठी हे दांपत्य जगभर नावाजलेले होते. देशात उद्योग वाढत असताना नित्य वापराच्या वस्तूंचा दर्जा कसा राखावा, हा प्रश्न त्यांच्यापुढे होता. त्यासाठी ते देशभर हिंडले, मंदिरे, राजवाडे, बाजार आणि खेडी त्यांनी पाहिली. या प्रवासात पाहिलेल्या सर्व वस्तूंमध्ये त्यांनी अग्रमान दिला तो लोट्याला, म्हणजे आपल्या घरातील साध्या तांब्याला.

त्यांच्या कौतुकाची रीत शिकण्यासारखी आहे. असा तांब्या आज नव्याने घडवायचा म्हटले, तर रचनाकाराला काय काय ठरवावे लागेल, याची त्यांनी यादीच केली. त्यात पाणी किती मावावे? तो डोक्यावर न्यायचा, कमरेवर की हातात? भरलेला असताना त्याचा तोल कोठे राहील आणि रिकामा असताना कोठे? ओतताना धार कशी पडेल? आत हात घालून तो घासता येईल का? उन्हात त्याचा स्पर्श कसा लागेल, वाजवला तर नाद कसा येईल, किंमत किती पडेल आणि मोडीत काय येईल? इतक्या प्रश्नांचे उत्तर कोणा एका माणसाने एका दिवसात दिलेले नाही. कित्येक पिढ्यांच्या हातांनी वापरता वापरता तो आकार ठरवला आहे.

या अहवालानंतर १९६१ साली अहमदाबादेत राष्ट्रीय डिझाइन संस्था उभी राहिली. तिच्या उभारणीत गौतम आणि गिरा साराभाई या भावंडांचा मोठा वाटा होता. साराभाई हे अहमदाबादचे गिरणीमालक जैन घराणे. तेथील प्रसिद्ध कॅलिको वस्त्रसंग्रहालयही याच घराण्याच्या प्रयत्नांतून १९४९ साली सुरू झाले. भारतात डिझाइन या विषयाचे रीतसर शिक्षण ज्या संस्थेतून सुरू झाले, तिच्या पायाशी एक तांब्या आणि एक व्यापारी जैन कुटुंब आहे, ही गोष्ट जैन समाजाच्या फारशी स्मरणात नाही.

ईम्स दांपत्याने तांब्याला जे प्रश्न विचारले, त्यांची सवय श्रावकाच्या घराला जुनीच आहे. चालताना, बसताना, वस्तू उचलताना आणि ठेवताना लक्ष असावे, कोणत्याही जीवाला इजा होऊ नये, या सावधपणाला आपल्याकडे ‘जयणा’ म्हणतात. वस्तू कोठे ठेवली, ती उचलताना खाली काय आहे, तिच्या मागे ओल तर नाही ना, असे विचारत राहणे म्हणजे जयणा. घराची उत्तम रचना याहून वेगळी नसते.

व्रतातच वास्तू आहे

श्रावकाच्या पाच अणुव्रतांपैकी पाचवे परिग्रहपरिमाणाचे. आपल्या मालकीच्या वस्तूंना स्वतःहून मर्यादा घालून घेणे, हा त्याचा आशय. तत्त्वार्थसूत्रात या व्रताच्या अतिचारांची जी गणना आहे, तिच्यात क्षेत्र म्हणजे जमीन आणि वास्तू म्हणजे घर यांचा उल्लेख आरंभीच येतो, आणि शेवटी ‘कुप्य’ येते. कुप्य म्हणजे भांडीकुंडी आणि घरातील इतर सामानसुमान. घर आणि घरसामान हे विषय अशा रीतीने थेट व्रताच्या कक्षेत येतात. श्वेतांबर परंपरेत रोज धारण करावयाच्या चौदा नियमांतही ‘शयन’ आहे. आज किती गाद्या, किती आसने, किती खाटा वापरणार, याची मोजणी सकाळीच करावयाची असते.

मर्यादा घातली की कल्पकता आटते, असा एक समज आहे. अनुभव उलट सांगतो. ज्याला दिवाणखान्यात वाटेल तेवढ्या वस्तू ठेवता येतात, त्याला कोणतीच वस्तू नीट निवडावी लागत नाही. ज्याने पाचच ठेवायच्या असे ठरवले, त्याला प्रत्येकीचा आकार, उंची, जागा आणि उपयोग यांचा विचार करावा लागतो. एकच चौरंग पूजेला, पाहुण्यांना आणि मुलांच्या अभ्यासाला कसा चालेल, हा प्रश्न जेथे निर्माण होतो तेथे रचनेचा प्रारंभ होतो.

व्यापारी कुटुंबाच्या दृष्टीने या विचाराला आणखी एक बाजू आहे. घराच्या सजावटीवर खर्च होणारी रक्कम पुष्कळदा धंद्यातील खेळत्या भांडवलातून निघते. मुलामुलींच्या सोयरिकीसाठी पाहुणे येणार, तेव्हा घर ‘दिसले पाहिजे’, या भावनेने ती वाढत जाते. दुकानातील माल पडून राहिला तर त्याची चिंता वाहणारे गृहस्थ घरात पडून राहणाऱ्या मालाचा हिशेब क्वचितच मांडतात.

वाड्याचे शहाणपण

जुन्या नाशकात आजही काही वाडे उभे आहेत. त्यांच्या रचनेत शोभेपेक्षा गरजेचे उत्तर आधी दिसते. मधल्या चौकातून उजेड आणि वारा घरभर फिरतो. जाड भिंतींमुळे एप्रिल-मे महिन्यांतील झळ माजघरापर्यंत पोहोचत नाही. भिंतीच्या त्याच जाडीत कोनाडे, दिवळ्या आणि फडताळे बसवलेली असतात, त्यामुळे सामानासाठी वेगळी कपाटे उभी करून जमीन अडवावी लागत नाही. खोलीचे माप खणांत मोजले जाई. दोन खांबांमधील अंतर म्हणजे एक खण. तुळईची लांबी जेवढी, तेवढाच खण, म्हणजे सागाच्या लाकडाने घातलेली मर्यादाच खोलीला प्रमाण देत असे.

व्यापाऱ्यांच्या पेढीची बैठक हाही या शहाणपणाचा नमुना आहे. जाड गादी, तिच्यावर पांढरी चादर, पाठीशी लोड-तक्के, पुढ्यात उतरत्या झाकणाची पेटी आणि बाजूला चोपड्या. येथे बसणाऱ्याची संख्या ठरलेली नसते. दोन माणसे आली तरी बैठक भरलेली दिसते आणि दहा आली तरी अपुरी पडत नाही. चादर रोज बदलता येते आणि मळ लपत नाही. सोफ्याच्या तीन जागांवर चौथा पाहुणा अवघडतो, तसे गादीवर होत नाही. आजच्या सदनिकेत एका भिंतीलगत अशी नीट बेतलेली बैठक ठेवली, तर कमी खर्चात अधिक माणसांची सोय होते आणि गुडघ्यांचा त्रास असणाऱ्या वडीलधाऱ्यांसाठी दोन खुर्च्या ठेवल्या की कोणाचीच अडचण होत नाही.

वाडे पाडले जातात तेव्हा त्यांचे सागवान बाजारात येते. कित्येक दशके वाळलेले हे लाकूड वाकत नाही. त्याची दाराची चौकट, झोपाळ्याची पाटी किंवा देव्हाऱ्याचे खांब केले, तर नवे झाड तुटत नाही आणि वाड्याची स्मृतीही उपयोगाच्या रूपाने घरात राहते.

सूर्यास्त, पाणी आणि सामायिक

चौविहार पाळणाऱ्या घरात संध्याकाळचे जेवण सूर्यास्तापूर्वी होते. नाशिकला डिसेंबरात सूर्य सुमारे सहा वाजता मावळतो, तर जूनमध्ये सव्वासातच्या सुमारास. म्हणून अशा घरातील जेवणाची जागा कोठे असावी, हे ठरवताना मावळतीचा उजेड पाहणे अगत्याचे आहे. पश्चिमेची खिडकी मिळाली तर हिवाळ्यातही दिव्यावाचून ताट दिसते. उन्हाळ्यातील तिरिपीसाठी बाहेरून छज्जा किंवा बांबूची चिक पुरेशी होते. प्रत्यक्षात मात्र अनेक सदनिकांत जेवणाचे टेबल सर्वांत आतल्या, अंधाऱ्या भागात येते आणि भर दुपारीही दिवा लावून जेवावे लागते.

दिव्यांचा विचारही याच अंगाने करता येतो. निळसर पांढऱ्या प्रकाशाकडे कीटक अधिक ओढले जातात, पिवळसर प्रकाशाकडे तुलनेने कमी. संध्याकाळी मंद, पिवळा प्रकाश आणि खिडक्यांना बारीक जाळी, एवढ्यानेही पुष्कळ जीव वाचतात. छताखाली दुसरे खोटे छत करून त्याच्या खाचांत दिवे लपवण्याची जी पद्धत रूढ झाली आहे, तिच्यात धूळ, कोळ्यांची जाळी आणि मेलेले कीटक साचतात. ती साफ करताना हिंसा होते आणि न केली तर अस्वच्छता राहते. साधे, सपाट छत हे येथे सौंदर्याच्या आणि जयणेच्या अशा दोन्ही दृष्टींनी योग्य ठरते. पलंग आणि कपाटे जमिनीला टेकवलेल्या खोक्यांसारखी करण्याऐवजी पायांवर उचललेली असावीत, म्हणजे खालून केरसुणी फिरते आणि जीवजंतूंना आसरा मिळत नाही. कपाट आणि भिंत यांत दोन बोटांचे अंतर ठेवले, तर पावसाळ्यात वारा खेळतो आणि ओल धरून बुरशी येत नाही. चातुर्मासात बुरशीविषयी जी विशेष काळजी सांगितली आहे, तिचे निम्मे काम सुतार घरात आला असतानाच होऊ शकते.

पाण्याची जागा हा तर सजावटीच्या नकाशातून जवळजवळ नाहीसा झालेला विषय आहे. पूर्वी स्वयंपाकघरालगत माठ आणि हंडे ठेवण्याचा कट्टा असे, त्यावर गाळण्याचे फडके वाळत असे. गाळल्यानंतर फडक्यावर राहिलेली जीवाणी जेथून पाणी आणले त्या ठिकाणी परत सोडली जाई. आज घरोघरी पाणी उकळले जाते, विशेषतः तपश्चर्येच्या दिवसांत. ते निववण्यासाठी रुंद तोंडाच्या पराती लागतात, त्या ठेवण्यास शेगडीपासून दूर, झाकता येईल अशी हात-दीड हात जागा लागते. नव्या स्वयंपाकघरात भट्टी, मिक्सर आणि फ्रीज यांची जागा इंचाइंचाने मोजली जाते. उकळलेल्या पाण्याची परात मात्र शेवटी खिडकीच्या कठड्यावर तोल सांभाळीत राहते.

सामायिकाचा अवधी ४८ मिनिटांचा. तेवढा वेळ एका जागी स्थिर बसावयाचे असते. त्यासाठी वेगळी खोली लागत नाही. दोन-अडीच हात लांबीरुंदीचा कोपरा, पाठीमागे येरझार नाही, समोर दूरदर्शन नाही, डोळ्यांवर झगझगीत दिवा नाही आणि आसन-मुहपत्ती ठेवण्यास एक कोनाडा, एवढे पुरते. नव्या घरात आजीला असा कोपरा न मिळाल्यामुळे ती पलंगाच्या कडेला बसून सामायिक करते, अशी घरे थोडी नाहीत. लाखोंचा खर्च झाल्यावर ज्या घरात हा एक कोपरा राहून जातो, त्या घराची रचना अपुरीच म्हटली पाहिजे.

वस्तू कशाची बनली आहे

ताटात काय आहे याची चौकशी करणारे जैन कुटुंब सोफ्यात काय आहे याची चौकशी सहसा करीत नाही. चामड्याचे आवरण उघड दिसते, परंतु इतर गोष्टी लपलेल्या असतात. महाग उशा आणि गाद्यांमध्ये बदकांची मऊ पिसे भरलेली असू शकतात. ‘बोन चायना’ या नावाने मिळणाऱ्या पांढऱ्याशुभ्र कपबशांत जनावरांच्या हाडांची राख मिसळलेली असते. लाकडाला चकाकी आणणारा चपडा हा लाखेपासून होतो आणि लाख हा किड्यांपासून मिळणारा पदार्थ आहे. जुन्या पद्धतीच्या सुतारकामातील सरस जनावरांच्या कातडी-हाडांपासून करीत. शिंपल्याचे जडावकाम, रेशमी पडदे, लोकरीचे गालिचे यांचाही विचार ज्याने त्याने आपल्या नियमानुसार करावा.

पर्याय दुर्मीळ नाहीत. पिंजाऱ्याने पिंजलेल्या कापसाची किंवा सावरीच्या कापसाची गादी, सुती खादी आणि हातमागाचे कापड, जवसाच्या तेलाने किंवा पाण्यात मिसळणाऱ्या पॉलिशने राखलेले लाकूड, काळा दगड, माती, तांबे आणि पितळ. नाशिकच्या परिसरात यांपैकी बहुतेक गोष्टी सहज मिळतात. येथील काळाराम मंदिर ज्या काळ्या पाषाणात बांधले आहे, तो बेसाल्ट या भूमीचाच आहे. सामान निवडताना एवढा एकच प्रश्न विचारला की निवडीला आपोआप दिशा मिळते आणि घराला आपले असे वळण येते.

शोभा आणि आशातना

नाशिक जिल्ह्यात शिल्पाची प्रेरणा घेण्यासाठी दूर जावे लागत नाही. म्हसरूळचे गजपंथ सिद्धक्षेत्र शहरालगतच आहे. मनमाडजवळच्या अंकाई-टंकाईच्या जैन लेण्यांत कोरीव द्वारशाखा आणि छतावरील कमळे पाहता येतात. पांडवलेण्यांतही एका लेण्यात ऋषभदेवांची मूर्ती आहे. त्र्यंबकच्या वाटेवर अंजनेरीला मध्ययुगीन जैन मंदिरांचे अवशेष आहेत. खांबावरील नक्षीचे प्रमाण, कोरलेल्या आणि सपाट भागांचा तोल, अंधारातून उजेडाकडे नेणारी दारे, हे सारे बारकाईने पाहिले तर घरासाठी शिकता येते.

परंतु येथे एक भान हवे. तीर्थंकरांची प्रतिमा ही शोभेची वस्तू नव्हे. चपला काढण्याच्या जागी, जेवणाच्या टेबलावर किंवा दारूच्या कपाटांसाठी केलेल्या तयार मांडणीत मूर्ती ठेवलेली सजावटीच्या चित्रांतून सर्रास दिसते. ती आशातना होय. पायपुसण्यावर, फरशीवर किंवा उशीवर स्वस्तिक आणि नंद्यावर्त छापलेले घेणेही तसेच. अष्टमंगलांतील कलश, दर्पण, मीनयुगल यांचे मूळ स्थान पाटावर तांदळांनी काढलेल्या आकृतीत आहे. ती रोज काढली जाते आणि रोज पुसली जाते. घरातील मुलीला ही आकृती बोटांच्या चिमटीने सरळ रेषेत काढता येऊ लागली, की तिच्या हाती रचनेचे पहिले शिक्षण आले असे समजावे.

रोज एकाच वस्तूकडे पाहणे

त्र्यंबकेश्वरी ३० एप्रिल १८७० रोजी जन्मलेले धुंडिराज गोविंद फाळके यांची एक हकीकत येथे आठवण्याजोगी आहे. चित्रपट काढावयाचा तर भांडवल हवे आणि भांडवल देणाऱ्याची खात्री पटावयास हवी. फाळके यांनी कुंडीत वाटाणे पेरले आणि कॅमेरा त्या कुंडीपुढे लावला. दिवसेंदिवस थोडे थोडे चित्रण करीत त्यांनी अंकुर फुटून वेल वाढण्याची क्रिया टिपली. पडद्यावर तो वेल काही क्षणांत वाढताना दिसला आणि पैसा घालणाऱ्याचा विश्वास बसला. १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ प्रदर्शित झाला, आणि त्यानंतर फाळके यांनी आपले काम नाशिकला आणले.

घरातील कुंडी सर्वांनीच पाहिलेली होती. तिच्याकडे रोज, त्याच जागेवरून, धीराने पाहणे हे फाळके यांचे वेगळेपण. सर्जनाची प्रेरणा बहुधा याच मार्गाने येते. आपल्या स्वयंपाकघरात दुपारी तीन वाजता ऊन कोठपर्यंत येते, आजोबा उठताना हात कोठे टेकवतात, दप्तर टाकण्याची मुलांची ठरलेली जागा कोणती, चोपडी लिहिताना उजेड कोणत्या बाजूने हवा असतो, हे आठ दिवस नुसते पाहिले, तरी सजावटकाराला देण्यासारखे पुष्कळ हाती लागते. तोही अशा कुटुंबाबरोबर अधिक आवडीने काम करतो, कारण चित्र दाखवून ‘असेच करा’ म्हणणाऱ्यापेक्षा गरज सांगणारा गिऱ्हाईक त्याच्या कल्पकतेला वाव देतो.

अंजनेरीच्या एका जैन मंदिरात शके १०६३ चा, म्हणजे इ.स. ११४१-४२ चा, शिलालेख आहे. यादव घराण्यातील सेउणदेवाच्या काळात चंद्रप्रभ तीर्थंकरांच्या मंदिरासाठी दुकाने दिल्याची नोंद त्यात आहे. आपल्या मिळकतीतून काय वेगळे काढून कोठे द्यावे, याचा विचार या भूमीतील बाजारपेठेला किती जुना आहे, हे त्या दगडावर वाचता येते. दुकानाची चोपडी आणि धर्माची मर्यादा यांची सांगड तेव्हा अवघड वाटत नव्हती.

नवे घर लावावयास काढणाऱ्या कुटुंबाने सुताराला बोलावण्यापूर्वी एका संध्याकाळी एकत्र बसून कोऱ्या चोपडीत घरातील वस्तूंची यादी करावी. प्रत्येकीसमोर ती रोज लागते, सणाला लागते की लागतच नाही, हे लिहावे. रोज लागणाऱ्या वस्तूंना उजेडात आणि हाताशी जागा द्यावी. सणाच्या वस्तूंना माळ्यावर कोरडी जागा द्यावी. न लागणाऱ्या वस्तू ज्यांना लागतात त्यांच्या घरी पोहोचवाव्यात. मग जी जागा मोकळी राहील ती भरण्याची घाई करू नये. आजीचे सामायिक, नातवाचा खेळ आणि अवचित आलेला साधर्मिक पाहुणा यांना ती लागणारच असते.